थिन क्लायंटची सेटिंग कुठे करायची आणि कुठे करायची नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी पतसंस्थेची शाखा आहे. नागपूरहून वापरलेले नऊ थिन क्लायंट (सर्व्हरवर चाललेलं काम फक्त पडद्यावर दाखवणारे छोटे संगणक) आणलेत, मागच्या खोलीत विंडोज सर्व्हर आहे. हाताने आयपी (नेटवर्कवरचा मशीनचा पत्ता) टाकला की दुसऱ्या दिवशी सकाळी गायब होतो. लाईन जाऊन आली की दोन मशीनवर ‘वेळेत फरक आहे’ असं सांगून सर्व्हर आत घेत नाही. दुपारी दोन-तीनच्या सुमारास सेशन, म्हणजे सर्व्हरशी चालू असलेली जोडणी, तुटतं. पंचवीस किलोमीटरवरच्या लहान शाखेत दोन मशीन व्हीपीएनवर (इंटरनेटवरून सर्व्हरपर्यंत नेणाऱ्या खाजगी वाटेवर) आहेत, तिथे पासवर्ड घेतला जातो पण पडदा काळाच राहतो. विचारणाऱ्यांना नेटवर्क आणि सिस्टीमची सगळी सेटिंग एकदा नीट समजून हवी आहे.

मी वर्धा-यवतमाळ भागात पतसंस्था, जिनिंग आणि शाळांमध्ये ही मशीन लावतो. तुमच्या चारही तक्रारी ओळखीच्या आहेत. एकेक घेतो, पण आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. थिन क्लायंटच्या डब्यावर जितकी कमी सेटिंग कराल तितकं तुमचं भलं. सेटिंग राउटरवर करा, सर्व्हरवर करा. डब्याला फक्त सर्व्हरचं नाव माहीत असावं. शहरात डबा बिघडला तर तासाभरात माणूस येतो. तुमच्याकडे यवतमाळहून यायचं म्हटलं तरी त्याचा दिवस जातो. तेवढ्यात शिपायाने कपाटातला सुटा डबा काढावा, केबल आणि मॉनिटर जोडून बटण दाबावं आणि कॅशियरचं काम सुरू व्हावं. हे साधायचं असेल तर डब्यात कोणाच्या हातचं काही राहता कामा नये.

आता सकाळी गायब होणारा आयपी. एका शाखेतले कारकून मला म्हणाले होते, “काल त आमच्यासमोर टाकला ना भाऊ तुमी, आज काऊन नाही दिसून राह्यला?” तुमच्याकडेही बहुधा तेच झालंय. विंडोज आयओटी असलेल्या थिन क्लायंटमध्ये युनिफाइड राइट फिल्टर नावाची सोय असते, जुन्या डब्यांत तिचेच आधीचे प्रकार असतात. फिल्टर चालू असताना तुम्ही जे काही बदलता ते डब्याच्या फ्लॅशवर (आतल्या कायमच्या साठवणीवर) लिहिलं जात नाही, रॅममधल्या एका वेगळ्या थरावर लिहिलं जातं. मशीन बंद झालं की तो थर पुसला जातो आणि सकाळी डबा पहिल्यासारखा कोरा उठतो. हा बिघाड नव्हे. व्हायरस आला, कोणी काही उडवलं, मध्येच लाईन गेली, तरी डबा खराब होऊ नये म्हणून ही रचना केलेली आहे. तुमच्या शाखेत संध्याकाळी निघताना मेन स्विच पाडत असतील, म्हणजे रोज रात्री सगळं पुसलं जातंय.

बदल कायम करायचा तर क्रम पाळावा लागतो. ॲडमिन म्हणून लॉगिन करा. पुष्कळ डबे आपोआप साध्या युजरने उघडतात, अशा वेळी शिफ्ट दाबून ठेवून लॉग ऑफ केलं की ॲडमिनचं नाव टाकायची जागा मिळते. मग फिल्टर बंद करा आणि रीस्टार्ट करा. पुष्कळ जण हे रीस्टार्टच गाळतात. ते झाल्याशिवाय फिल्टर खरोखर बंद होत नाही, तो फक्त पुढच्या वेळेसाठी बंद झाल्याची नोंद होते. रीस्टार्टनंतर बदल करा, फिल्टर पुन्हा चालू करा आणि परत एकदा रीस्टार्ट करा. डेलच्या वाइज डब्यांत घड्याळाशेजारी छोटं कुलूप दिसतं. ते हिरवं असेल तर फिल्टर चालू, लाल असेल तर बंद. काम संपवून उठताना ते हिरवं झालेलं डोळ्यांनी बघा. सेटिंग टिकावी म्हणून फिल्टर कायमचा बंद ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. लाईनचा भरवसा नसलेल्या गावात हाच फिल्टर डब्याची फ्लॅश वाचवतो.

याच फिल्टरमुळे आणखी एक त्रास होतो आणि त्याचं कारण लवकर ध्यानात येत नाही. डबे डोमेनला (सगळ्यांचं लॉगिन एका सर्व्हरवरून सांभाळणाऱ्या विंडोजच्या व्यवस्थेला) जोडलेले असतील तर विंडोज दर ३० दिवसांनी त्या मशीनचा डोमेनशी असलेला पासवर्ड आपोआप बदलतं. नवा पासवर्ड सर्व्हरला माहीत होतो, डब्यातला मात्र रीस्टार्टला पुसला जातो. महिनाभर गुण्यागोविंदाने चाललेला डबा एके दिवशी ‘डोमेनशी विश्वासाचं नातं तुटलं’ असं म्हणतो. डब्यावर हा बदल थांबवण्याची पॉलिसी असते, पण माझं मत विचाराल तर नऊ डब्यांच्या शाखेत थिन क्लायंट डोमेनला जोडूच नका. वर्कग्रुपमध्ये, म्हणजे डोमेनबाहेर सुटे, राहू द्या. युजर डोमेनचा असला आणि तो सर्व्हरवर लॉगिन करत असला की झालं.

काही डबे विंडोजचे नसतात, वाइजच्या थिनओएसवर किंवा लिनक्सवर चालतात. तिथे सेटिंग उडण्याचं कारण दुसरं असू शकतं. वापरलेला डबा आधी ज्या कंपनीत होता तिथल्या मध्यवर्ती सर्व्हरचा पत्ता त्यात शिल्लक असतो, किंवा नेटवर्कवर कोणीतरी डीएचसीपीच्या (मशीनना आपोआप पत्ते वाटणाऱ्या सोयीच्या) १६१ क्रमांकाच्या पर्यायातून कॉन्फिगरेशन फाइलची जागा सांगत असतं. डबा उठतो, ती फाइल वाचतो आणि तुमचं लिहिलेलं झाकून टाकतो. म्हणून वापरलेला डबा घरात आला की पहिलं काम फॅक्टरी रीसेट. थिनओएसच्या पुष्कळ मॉडेलांत सुरू होताना इंग्रजी जी दाबून ठेवलं की तो होतो.

हे सगळं सांगितलं तरी तुमच्या नऊ डब्यांना हाताने आयपी टाकायची गरज मला दिसत नाही. कायमचा पत्ता लागतो सर्व्हरला, राउटरला आणि नेटवर्कवरच्या प्रिंटरला. डबा स्वतः पाहुण्यासारखा असतो, त्याला कोणी शोधत येत नाही. अपवाद एकच. पासबुक प्रिंटर डब्याच्या यूएसबीला लावला असेल आणि सर्व्हर त्या डब्याच्या पत्त्यावर छपाई पाठवत असेल तर तो पत्ता हलता कामा नये. त्यासाठीही डब्यात आयपी टाकू नका, राउटरमध्ये रिझर्व्हेशन करा, म्हणजे त्या डब्यासाठी पत्ता राखून ठेवा. डब्याच्या बुडाशी चिकटवलेल्या पट्टीवर बारा अक्षरांचा मॅक पत्ता, म्हणजे त्या मशीनचा कारखान्यातूनच आलेला ओळखक्रमांक, असतो. तो राउटरच्या डीएचसीपी पानावर लिहून त्यापुढे आयपी द्यायचा. डबा बदलला तर राउटरमध्ये मॅक तेवढा बदलायचा.

पत्त्यांची वाटणी आधी कागदावर करा. राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर सर्व्हरला १० द्या, प्रिंटरांना ११ ते २०, रिझर्व्हेशनवाल्या डब्यांना २१ ते ४०, आणि राउटर जे पत्ते आपोआप वाटतो ते १०० ते २०० मध्ये ठेवा. सर्व्हरला आणि प्रिंटरला हाताने दिलेले पत्ते या आपोआप वाटपाच्या बाहेर असलेच पाहिजेत. सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे राउटर. दुसऱ्या शाखेत मात्र १९२.१६८.१ ची मालिका वापरू नका, १९२.१६८.२ घ्या. दोन्हीकडे एकच मालिका असली तर व्हीपीएनवरून जाणाऱ्याला सर्व्हर सापडतच नाही, कारण त्याचं मशीन तो पत्ता स्वतःच्याच खोलीत शोधत बसतं.

डीएनएसकडे, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेकडे, बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. फायबरवाल्याने दिलेला राउटर डब्यांना बाहेरचा डीएनएस देतो, आणि बाहेरच्या डीएनएसला तुमच्या मागच्या खोलीतल्या सर्व्हरचं नाव ठाऊक असण्याचं कारण नाही. मग लोक नावाऐवजी आयपीने जोडतात आणि सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रावरचं नाव जुळत नाही म्हणून रोज इशारा येतो. कॅशियर रोज ‘होय’ दाबते. उद्या खरा धोक्याचा इशारा आला तरी ती ‘होय’च दाबेल, तेव्हा तिला ही सवय लागू देऊ नका. राउटरच्या डीएचसीपी पानावर पहिला डीएनएस म्हणून सर्व्हरचा पत्ता लिहा. त्यासाठी सर्व्हरवर डीएनएसची सेवा चालू असली पाहिजे. डोमेन असेल तर ती असतेच.

आता वेळ. ‘वेळेत फरक’ सांगणाऱ्या तुमच्या दोन मशीनवर मी सगळ्यांत जास्त लक्ष देईन, कारण इथे घड्याळ बरोबर दिसूनही चुकीचं असू शकतं. डबा उघडला की बोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा गोल सेल दिसतो, बहुतेक डब्यांत सीआर २०३२ नंबरचा. वापरलेल्या डब्यांत तो संपत आलेला असतो आणि मेन स्विच रोज पडत असल्याने तुमच्याकडे तो उरलासुरलाही संपतो. मग सकाळी डबा एखाद्या जुन्या सालात उठतो. सर्व्हर स्वतः बनवतो ते रिमोट डेस्कटॉपचं (सर्व्हरचा पडदा डब्यावर दाखवणाऱ्या विंडोजच्या सेवेचं) प्रमाणपत्र सहा महिन्यांच्या मुदतीचं असतं. जुन्या सालात उठलेल्या डब्याच्या हिशेबाने ते अजून जन्मालाच आलेलं नसतं. सेल घड्याळवाल्याकडे मिळतो. नऊच्या नऊ डब्यांचे एकदमच बदलून टाका, एकेकासाठी वाट पाहू नका.

सेल बदलून मग कोणीतरी हाताने वेळ लावतं आणि पुढचा घोळ तिथे होतो. वापरलेल्या डब्यात टाइम झोन पुष्कळदा परदेशातला असतो. समजा तो ग्रीनिचचा आहे. सकाळी साडेदहाला तुम्ही घड्याळात १०:३० लावलं. भिंतीवरच्या घड्याळाशी ते जुळतं, सगळे खूश. डबा मात्र आतून समजतो की ग्रीनिचला साडेदहा वाजलेत, आणि भारत ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे असल्याने तेव्हा तिथे पहाटेचे पाच वाजलेले असतात. म्हणजे डबा साडेपाच तास पुढे धावतोय. डोमेनच्या लॉगिनमागे कर्बेरॉस नावाची पद्धत असते आणि तिला साधारणपणे पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. म्हणून आधी झोन आशिया-कोलकाता करा, नंतर वेळ बघा. फिल्टर असलेल्या डब्यात झोनचा बदलही पुसला जातो, तेव्हा वर सांगितलेला क्रम इथेही पाळावा लागेल.

हाताने वेळ लावायची वेळच येऊ नये म्हणून डब्यांना टाइम सर्व्हर म्हणून तुमच्याच सर्व्हरचा पत्ता द्या. राउटर ऐकणारा असेल तर डीएचसीपीच्या ४२ क्रमांकाच्या पर्यायातून देता येतो. काही डबे तो घेत नाहीत, त्यांना हाताने लिहावा लागतो. सर्व्हरने स्वतःची वेळ बाहेरून घ्यावी. राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आणि एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) या दोघांचे टाइम सर्व्हर आहेत, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ च्या निर्देशांत त्यांच्याशी किंवा त्यांच्यावरून वेळ घेणाऱ्या सर्व्हरशी वेळ जुळवायला सांगितलं आहे. इंटरनेट दिवसभर बंद असलं तरी शाखेतले सगळे डबे निदान एकमेकांशी आणि सर्व्हरशी जुळलेले राहतात, काम अडत नाही.

लाईन येते तेव्हा आधी कोण उठतं, यावर बरंच अवलंबून असतं. डबा अर्ध्या मिनिटात तयार होतो. राउटरला दीड-दोन मिनिटं लागतात, सर्व्हरला चार-पाच. उठलेला डबा पत्ता मागतो, द्यायला कोणी नसतं, मग तो स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेऊन बसतो. हा आकडा दिसला की समजा, डबा राउटरपर्यंत पोचलेला नाही. केबल बघा, नेटवर्क स्विचवरचा (सगळ्या केबल जिथे जोडल्या जातात त्या पेटीवरचा) दिवा बघा, थोड्या वेळाने रीस्टार्ट करा. इन्व्हर्टरवर सर्व्हर असतो, पण राउटर आणि स्विच साध्या बोर्डावर, असं मी कित्येक ठिकाणी पाहिलं. राउटर आणि स्विच मिळून फार थोडी वीज खातात. आधी त्यांना यूपीएसवर घ्या. डब्याच्या बायॉसमध्ये (चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) वीज परत आल्यावर आपोआप चालू व्हायची सोय असते, ती लावा. जोडणीच्या सेटिंगमध्ये ‘तुटल्यास पुन्हा प्रयत्न कर’ हा पर्याय ३० सेकंदांवर ठेवा. सर्व्हरवर तुटलेलं सेशन संपवण्याची मुदत एक-दोन मिनिटांची असेल तर ती दोन तास करा. मग अर्धवट भरलेलं व्हाउचर लाईन आल्यावर जिथल्या तिथे सापडतं. माझ्या मते थिन क्लायंटचा खरा मोठा फायदा हाच आहे. तो फायदा चुकीच्या मुदतीपायी घालवला जातो याचं मला फार वाईट वाटतं.

दुपारचं तुटणं. इथे दोन शक्यता आधी तपासा. पहिली, एकच पत्ता दोघांकडे. ज्या डब्याचं सेशन तुटतं त्याचा आयपी लिहून घ्या, त्याची केबल काढा आणि शेजारच्या मशीनवरून त्या आयपीला पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का ते कमांडने विचारा. केबल हातात असतानाही उत्तर आलं तर तो पत्ता दुसऱ्या कोणाकडे आहे, बहुधा कोणाच्या तरी मोबाइलकडे. उत्तर नाही आलं तरी राउटरच्या यादीत एकदा बघा. डबे आणि मोबाइल एकाच वायफाय-राउटरवर असतील तर कर्मचाऱ्यांच्या मोबाइलसाठी गेस्ट नेटवर्क वेगळं करा. कोणी घरचा जुना राउटर वायफाय वाढवायला आणून लॅनच्या (शाखेतल्या नेटवर्कच्या) खोबणीत लावला असेल तर तोही पत्ते वाटत बसतो, तो शोधा.

दुसरी शक्यता वीजेची. एका शाखेत एप्रिलमध्ये रोज दुपारी सगळ्यांचं सेशन एकदम तुटायचं. मी दोन दिवस राउटरची सेटिंग उलटीपालटी केली, हाती काही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी स्विचसमोरच स्टूल टाकून बसलो. उन्हं वाढली, शिपायाने कुलर लावला, आणि त्याच क्षणी स्विचचे सगळे दिवे विझून परत लागले. स्विचचा ॲडॉप्टर कुलरच्याच एक्स्टेंशन बोर्डात होता. खोबणी ढिली झालेली, मोटर उचलताना तिथे वीज झटका खायची. ॲडॉप्टर यूपीएसवर नेला आणि तक्रार थांबली. तुमच्याकडे सगळे एकदम तुटतात की एकेक, हे आधी बघा. सगळे एकदम म्हणजे स्विच, राउटर नाहीतर सर्व्हर. एकेक म्हणजे पत्ता किंवा केबल. स्विच माळ्यावर पत्र्याखाली असेल तर खाली आणा. आपल्या मे महिन्यात पत्र्याखाली प्लास्टिकचा स्विच टिकत नाही.

लहान शाखेतला काळा पडदा. नेटवर्कवर माहिती पाकिटांत विभागून जाते. लॉगिनला छोटी पाकिटं जातात, ती पोचतात. पडद्याचं चित्र मोठ्या पाकिटांतून येतं आणि ती व्हीपीएनच्या नळीत अडकतात. साध्या लॅनवर पाकिटाची मर्यादा १५०० बाइट, फायबरवर पीपीपीओई (युजरनेम-पासवर्ड घेऊन इंटरनेट जोडणारी पद्धत) असेल तर १४९२, व्हीपीएनमध्ये त्याहून कमी. तिथल्या एखाद्या लॅपटॉपवरून सर्व्हरला ‘तुकडे करू नको’ असं सांगून पिंग करा. १४७२ पासून खाली येत जा आणि जो आकडा पहिल्यांदा पोचेल त्यात २८ मिळवा. ती तुमची एमटीयू, म्हणजे पाकिटाची कमाल मर्यादा. ती डब्यावर लिहू नका, दोन्हीकडच्या व्हीपीएन-राउटरवर लिहा. एवढ्याने नाही सुटलं तर रिमोट डेस्कटॉप पाकिटं पाठवायला यूडीपी आणि टीसीपी असे दोन मार्ग वापरतो, त्यातला यूडीपी पॉलिसीने बंद करून फक्त टीसीपीवर चालवा. या शाखेसाठी रंग १६ बिट करा, वॉलपेपर आणि ॲनिमेशन बंद. मोठ्या शाखेत लॅनवर याची गरज नाही.

व्हीपीएनचा त्रास नको म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हा पोर्ट (आत यायचं दार) थेट इंटरनेटला उघडा असं कोणी सुचवलं तर स्पष्ट नाही म्हणा. २०१९ साली ब्लूकीप नावाची मोठी त्रुटी याच सेवेत सापडली होती, आणि पासवर्ड ठोकत फिरणारे प्रोग्राम अशा उघड्या पोर्टवर रात्रंदिवस असतात. लोकांच्या ठेवी आहेत त्या सर्व्हरवर.

राहिलेलं थोडक्यात सांगतो. मराठी कीबोर्ड सर्व्हरवरच्या युजरला लावा, डब्यावर नाही. टायपिंग सर्व्हरवर होतं. इनस्क्रिप्ट लावूनही डबा दरवेळी इंग्रजी ढकलत असेल तर दूरचा लेआउट दुर्लक्षित करण्याची नोंद सर्व्हरच्या रजिस्ट्रीत घालता येते. पासबुक प्रिंटरचा ड्रायव्हर कंपनीचाच, आणि सर्व्हरवर. सर्वसाधारण ड्रायव्हरने ओळ खाली-वर सरकते आणि पासबुकं वाया जातात. सर्व्हरवर रिमोट डेस्कटॉपचे परवाने घातले आहेत का ते आजच बघा. परवान्याविना १२० दिवस चालतं, मग एके सकाळी कोणालाच आत घेत नाही. डब्याचा आणि राउटरचा मूळ पासवर्ड बदला. नवे पासवर्ड, पत्त्यांची वाटणी आणि मॅकची यादी एका कागदावर लिहून बंद पाकिटात शाखाधिकाऱ्यांच्या तिजोरीत ठेवा.

सगळं झालं की रविवारी, कोणी ग्राहक नसताना, शाखेचा मेन स्विच पाडा, यूपीएसही बंद करा. दहा मिनिटांनी आधी यूपीएस, मग मेन चालू करा आणि कशालाही हात न लावता खुर्चीत बसा. सात-आठ मिनिटांत नऊच्या नऊ पडद्यांवर सर्व्हरचं लॉगिन आलं पाहिजे. एखादा डबा अडला तर त्याच्या पडद्यावर काय लिहिलंय, त्याचा आयपी काय दिसतोय आणि तारीख काय दिसतेय, एवढं उतरवून मला पाठवा.